राखेचा हौद

"भाईर ये, धोंडप्पा! हौदातनं भाईर ये, न्हायतर तुला आत ठिवून फोडीन!"

कोंडीबानं पहार खांद्यावरून उतरवली आणि हौदाच्या भिंतीला टेकवली. त्याच्या मागं निम्मा गाव होता. माझे वडील, आप्पा, हौदात वाकून भिंतीवरच्या गोणपाटाला पाणी मारत होते. त्यांनी वर पाहिलं, हातातला तांब्या शेवटच्या थेंबापर्यंत गोणपाटावर निथळू दिला, आणि मग शिडीवरून सावकाश वर आले.

"काय झालं, कोंडीबा?"

"काय झालं? आबासाहेब, दावा की ह्याला काय झालं त्ये."

सरपंच आबासाहेबांनी धोतराच्या ओच्यात धरून आणलेले काँक्रीटचे तुकडे जमिनीवर सोडले. वीतभर लांबीरुंदीचा ठोकळा होता तो. हौदाचं काम झालं त्याच दिवशी, त्याच मालातून, सगळ्यांच्या देखत ओतलेला. आता त्याची ढेकळं झाली होती.

"एका दणक्यात," कोंडीबा म्हणाला. "एका दणक्यात फुटला. माजी म्हातारी बी फोडंल त्येला."

"राखंचा काय दगड हुतो व्हय?" मागून दगडाबाई ओरडली. "मढं जाळल्यावर जी उरती ती राख, आन् त्यात आमी पानी भरायचं? त्येच प्यायचं? लेकराबाळांच्या तोंडाला राख लावाय निगालाय हा!"

"चिपाडाची राख हाय, दगडाबाई," आप्पा म्हणाले. "ऊस जळालाय, मानूस न्हाय."

"राख ती राख."

आप्पांनी कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यांना नुसतं बोट लावलं. "मग हे काय हाय?"

आम्ही लिंगायत. आमच्याकडं माणूस पुरतात, जाळत नाहीत. राख आमच्या घरात रोज सकाळी देवासमोर कपाळाला लागते. गावाच्या मनात राख म्हणजे तिसऱ्या दिवशी सावडून नदीला न्यायची वस्तू. एवढं साधं अंतर होतं, पण त्या दिवशी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. आप्पांनी बोट लावलं ते दगडाबाईला टोमण्यासारखं लागलं आणि ती अजून चिडली.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या माघातली. वैरागपासून अडीच कोसांवर आमचं गाव. मी तेव्हा अठरा वर्षांची, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. माझे वडील गवंडी होते. पंचक्रोशीतल्या विहिरींचे कठडे, देवळांचे ओटे, घरांच्या पायऱ्या, पुष्कळसं त्यांच्या थापीखालून गेलेलं. दोन सालं दुष्काळ काढून झाल्यावर पंचायतीनं पिण्याच्या पाण्याचा हौद बांधायचा ठरवला आणि काम आप्पांकडं आलं.

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे. बार्शीला चार खेपा झाल्यावर पोती आली ती बैलगाडीतून, नवरी यावी तशी. पोरं गाडीमागं पळत होती. पोती चावडीत उतरली, आबासाहेबांनी त्यांना हळदकुंकू लावलं आणि दाराला कुलूप घातलं.

कुलपाची किल्ली मात्र चावडीच्या कोनाड्यातच असे, आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

दुसऱ्याच दिवशी कोंडीबा आमच्या दारात आला होता. "आप्पा, उंबऱ्याखालची माती सारखी ढासळती. घमेलंभर माल हाय माज्याकडं. एवडा उंबरा बसवून द्या." आप्पांनी बसवून दिला. तिसऱ्या दिवशी दगडाबाई आली. तिच्या चुलीपुढची जागा उंदरांनी पोखरली होती. तिच्याकडंही घमेलंभर सिमेंट होतं. मग आणखी एक, मग आणखी एक. मारुतीच्या पुजाऱ्यानं पायरी करून घेतली. आबासाहेबांच्या वाड्याला न्हाणीचा उतार करून हवा होता. त्यांनी घमेलं नाही, पोतंच काढून ठेवलं होतं. हे सिमेंट कुठून आलं असं आप्पांनी कुणाला विचारलं नाही. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एवढंसंच घेतलं, बाकीचं जागच्या जागी आहे. सगळं ठाऊक होतं ते फक्त आप्पांना, कारण प्रत्येक घरी थापी त्यांचीच फिरली होती.

हौदाचा पाया खणून झाला आणि चावडी उघडली, तेव्हा जेमतेम पाऊण हिस्सा पोती उरली होती.

"आता?" आव्वानं विचारलं होतं. आव्वा म्हणजे माझी आई, रंभाबाई.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन ज्ञानबाच्या गुऱ्हाळावर गेले. चुलवाणाच्या तोंडापाशी राखेचा ढीग होता. रस निवळायला ज्ञानबा त्यात चुना टाकी, आणि उरलेलं चुन्याचं पाणी वर्षानुवर्षं त्याच ढिगाच्या कडेला ओतत आला होता. आप्पांनी तिथली वरची राख पायानं सारली. खाली दगड होता. मी हात लावून पाहिला. दगडात उसाच्या चिपाडाचा एक धागा अडकला होता.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"कुनी न्हाय. राख, चुना आन् पानी. बैल रोज हितनं जातो, खुराचा वरखडा तरी हाय का बग." मग ढिगात हात घालून त्यांनी दोन मुठी वर काढल्या. "ही काळी हाय ना, ही आळशी. अर्धी कच्ची ऱ्हायलीय. ही पांडरी, पिटागत, ही कामाची. पर लई सावकाश काम करती. ऱ्हाऊ द्यावं लागतं तिला."

पुढं सोलापुरात शिक्षिका झाल्यावर वाचनालयात एका जाड इंग्रजी पुस्तकात मी हे सगळं वाचलं. राखेत वाळूचाच एक फार बारीक अंश असतो, चुन्याशी पाण्यात त्याची गाठ पडली की तो दगड होतो, सिमेंटमध्ये चुना असतोच, म्हणून चौथा हिस्सा सिमेंटच्या जागी राख चालते. मात्र अशा कामाला पाणी जास्त दिवस लागतं. आप्पांना वाचता येत नव्हतं.

त्या वेळी आम्ही तिघांनी आठ दिवस राख चाळली. आव्वाच्या जुन्या लुगड्यातून. पौषाची अमावस्या टळल्यावर दुसऱ्या दिवशी हौद ओतला. आप्पांनी काही लपवलं नाही. तीन घमेली सिमेंटला एक घमेलं राख, सगळ्यांसमोर मिसळली. तेव्हाच कुजबुज सुरू झाली. आबासाहेबांनी न्यायाची गोष्ट काढली. त्याच मालाचा एक ठोकळा ओतायचा, तो चावडीत कुलपात ठेवायचा, म्हणजे धोंडप्पानं त्याला हात लावायला नको. आठव्या दिवशी गावासमोर फोडून बघायचा. आणि या वेळी किल्ली कोनाड्यात न ठेवता आबासाहेबांनी स्वतःच्या करगोट्याला बांधली.

आप्पा रोज चावडीवर जात. "आबासाहेब, ठोकळ्याला पानी मारू द्या."

"तू हात लावायचा न्हाय."

"मग तुमी मारा. नुस्तं फडकं ओलं करून टाका."

"म्हंजे तू काय मंतरून दिलेलं पानी आमी मारायचं व्हय?"

असा तो ठोकळा आठ दिवस कोरडा पडून राहिला. तान्ह्या पोराला उपाशी ठेवून त्याला धावायला सांगावं, तसं झालं. आणि आता त्याची ढेकळं आमच्यासमोर पडली होती.

"सिमिट कुटं गेलं, धोंडप्पा?" आबासाहेबांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. "एवडी पोती सरकारनं दिली. तू राख भरलीस. मग सिमिट कुटं गेलं?"

"इकलं आसंल वैरागात!" कुणीतरी मागून म्हणालं.

"पोरीच्या लग्नाची सोय क्येली आसंल!"

तेवढ्यात आव्वा पुढं झाली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं सावरला नाही.

"सिमिट कुटं गेलं त्ये मी सांगती. कोंडीबा, तुजा उंबरा कशाचा हाय रं? रोज वलांडून येतोस नव्हं? आन् दगडाबाई, तुज्या चुलीफुडं..."

"रंभे!"

आप्पांचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. आव्वाचं तोंड उघडंच राहिलं. कोंडीबानं खाली पाहिलं. दगडाबाई पदराचं टोक चावायला लागली. आबासाहेब लांब कुठंतरी लिंबाच्या झाडाकडं बघत होते.

"गप ऱ्हा," आप्पा हळू म्हणाले. "लावलं कुनी? म्या. समदं ह्या हातानं लावलं. मग कुनाकुनाला चोर म्हननार?"

मला वाटलं, आता तरी माणसं वळतील. उंबऱ्याचा विषय निघालाच होता. जरा लाज वाटली असती तर पुरे होतं. पण लाज वाटल्यावर माणूस मागं फिरतोच असं नाही. कोंडीबाचं तोंड लाल झालं आणि त्यानं पहार उचलली.

"उंबऱ्याचं नाव काडतीस व्हय गं? तुज्या नवऱ्याचा हौदच ठिवत न्हाय आता!"

पहिला घाव कडेवर बसला. कवडीएवढा टवका उडाला. आतला माल अजून ओलसर, काळपट दिसत होता. दुसऱ्यासाठी त्यानं हात वर नेले, तेव्हा आप्पा भिंतीला जाऊन भिडले. त्यांनी गळ्यातल्या चांदीच्या डबीतून, करड्यातून, इष्टलिंग काढलं, पूजेला घ्यावं तसं डाव्या तळहातावर ठेवलं, आणि तो हात भिंतीच्या माथ्यावर टेकवला. जिथं टवका उडाला होता, बरोबर तिथं.

"घाल आता."

आमच्यात लिंग अंगावेगळं करत नाहीत. पूजेपुरतं तळहातावर, एवढंच. उघड्या माळावर, भांडणात, शंभर डोळ्यांपुढं ते बाहेर काढलेलं पाहून आव्वानं दोन्ही हातांनी डोळे झाकले. कोंडीबाची पहार वरच राहिली. ती जड होती.

"हात काड, धोंडप्पा."

"न्हाय."

"आरं, देव मदी घालतोस व्हय! मर्दागत बोल की!"

"मर्दागतच बोलतुय. शिवरातीपतोर ह्याला हात लावू नका. ईस दिस. शिवरात झाल्यावर दुसऱ्या दिवशी ये, हीच पहार आन, पाय रोवून हान. फुटला तर माजी थापी हितंच पुरा, परत हातात घेनार न्हाय."

आबासाहेबांनी घसा खाकरला. "समद्यांनी आयकलं नव्हं? शिवरातीच्या दुसऱ्या दिवशी. फुटला तर थापी पुरायची." मग जरा थांबून, "आन् गावच्या इहिरीचं पानी ह्या कामाला मिळनार न्हाय. मानसांना पुरंना झालंय."

फुटला तर काय, ते ठरलं. नाही फुटला तर काय, हे कुणी विचारलंच नाही. आप्पांनीही नाही.

ते वीस दिवस आप्पा हौदापाशीच राहिले. सकाळी तिथंच बसून पूजा करायची, तिथंच भाकरी खायची, तिथंच घोंगडीवर पडायचं. पाणी आणायचं काम आव्वाचं आणि माझं. विहिरीचं पाणी बंद, म्हणून आम्ही घरात न्हाणीच्या दगडाखाली घागर पुरली. अंघोळीचं, तांदळाच्या धुवणाचं, भांड्यांचं, सगळं पाणी तिच्यात जमायचं. ते गाळून मी डोक्यावरून न्यायची. वाटेत बाया थांबून बघायच्या.

"कुटं निगाली गं, परभे?"

"हौदाला."

"बापाला न्हाऊ घालायला का राखंला?" आणि हसणं.

दगडाबाईनं एकदा वाटेवर शेणाची पाटी मुद्दाम माझ्या अंगावरून नेली. घागर डोक्यावरून पडली. पाणी मातीत मुरलं. मी तिथं उभी राहून रडले. तिनं बघितलं आणि गेली. घरी परत येऊन मी सांगितलं तर आव्वानं आपल्या प्यायच्या तांब्यातलं पाणी काढलं आणि माझ्या हातात दिलं. "ह्ये ने. मी दुपारी ताक पिती."

आप्पा गोणपाट ओलं करून हौदाभोवती फिरायचे आणि बोटाच्या गाठीनं भिंतीला टकटक करायचे. सुरुवातीला आवाज मऊ यायचा, ओल्या लाकडासारखा. पंधराव्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. "आयक." मी कान लावला. आवाज कोरडा होता, लहान आणि कडक. आप्पांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "आजून पाच दिस हाईत," एवढंच म्हणाले.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी गाव उजाडताच जमा झाला. उपास सोडायच्या आधीच. आप्पांनी गोणपाट काढलं, बाजूला घडी करून ठेवलं आणि थापी आणून कोंडीबाच्या पायाशी ठेवली. मग चार पावलं मागं सरले. हात मोकळे. लिंग सदऱ्याच्या आत.

कोंडीबानं पाय रोवले. पहिला घाव. हौद वाजला, देवळातल्या घंटेचा उरलेला आवाज यावा तसा. दुसरा. तिसरा. नखाएवढी खपली निघाली. चौथ्याला पहार हातातून निसटली. त्यानं तळव्यांवर थुंकून पुन्हा धरली. घाव कुणी मोजले नाहीत. शेवटी तो थांबला तेव्हा धापा टाकत होता आणि पहारीचं टोक वळलं होतं.

मी आप्पांकडं बघत होते. ते वाट बघत होते, हे मला कळत होतं. कुणी नुसतं त्यांचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

दगडाबाई पुढं झाली. आप्पांनी ज्या जागी हात टेकला होता तिथं तिनं वाकून डोकं ठेवलं.

"द्येवाचं लिंग टेकलं हुतं हितं," ती म्हणाली. "द्येवानं राखला गं बाई."

"व्हय की," आबासाहेब लगेच म्हणाले. "द्येवाचाच हात. न्हायतर राखंचं काय हाय?"

संध्याकाळपर्यंत त्या जागेवर कुंकू चढलं होतं. पुढं नारळ फुटायला लागले. त्याच भिंतीला आबासाहेबांच्या नावाची फरशी बसली. ती आप्पांनीच बसवली. कारण तेव्हा गावात दुसरा गवंडी नव्हता. नंतरच्या वर्षांत गावात जी कामं निघाली त्यांना वैरागचा गवंडी आणला जाई. आप्पांचं नाव पडलं राख्या धोंडप्पा. लोक हौदाचं पाणी भरत आणि घागर डोक्यावर घेताना त्या जागेला हात लावून तो कपाळाला लावत.

"राखंचं काम हुतं गं ते," एकदा आप्पा मला म्हणाले. मी सोलापूरहून सुट्टीला आले होते. "द्येवाला काय, त्येला राख बी चालती, पहार बी. राख बिचारी ईस दिस राबली."

आप्पा गेले ते एकोणऐंशीच्या मार्गशीर्षात. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या खोलीवर तार पोचली तेव्हा मी पोरांच्या वह्या तपासत होते. गावात पोचले तेव्हा आमच्या शेताच्या कडेला खड्डा खणणं चाललं होतं. जमीन मुरमाड. खड्ड्यात कोंडीबा होता. घरातल्या माणसांचे हात पुरेनात म्हणून आव्वानंच त्याला बोलावलं होतं, की तो आपण होऊन आला, मी विचारलं नाही. पहारीला नवं टोक लावलेलं होतं. तो कंबरेइतका खाली गेला होता. घाम पुसताना त्याची माझी नजरानजर झाली.

"लई कठीन हाय," तो म्हणाला. मग पुन्हा पहार उचलताना, माझ्याकडं न बघता, "तुज्या बापाच्या हौदागत."

सहा वर्षांत तेवढं एक वाक्य.

आप्पांना आमच्या रीतीनं खड्ड्यात बसवलं. आमच्या जंगम स्वामींनी त्यांच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. तो तळहात तसा उघडा पाहून मी दुसरीकडं बघितलं. सगळीकडून विभूती भरली. परतताना लोकांनी हातपाय धुतले ते हौदाच्याच पाण्यानं.

समाधीवर ओटा बांधायचा होता. मी म्हटलं, मी बांधते. राख होती, ज्ञानबाचं गुऱ्हाळ नुकतंच लागलं होतं. सिमेंट नव्हतं. परमिटचा अर्ज करून महिना थांबायला मला रजा नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे आव्वानं दार उघडलं तर पायरीवर घमेलं होतं. सिमेंटनं शिगोशीग भरलेलं, वरून पोत्याचा तुकडा टाकलेला. दार उघडण्याचा आवाज ऐकून कुणीतरी बोळातून भराभर गेलं. पाठीवरून मी कोंडीबाला ओळखलं.

"परत देऊ?" मी विचारलं.

आव्वानं पोत्याचा तुकडा बाजूला सारला आणि सिमेंटला हात लावून पाहिला.

"उचल," ती म्हणाली. "त्येचं न्हाय त्ये. हौदाचं हाय."

मी राख आव्वाच्या लुगड्यातून चाळली, पांढरी तेवढी घेतली. आप्पांच्या थापीनं ओटा घातला. माझा हात वळत नव्हता, एक कड तिरकी झाली. गोणपाट घातलं आणि पाणी मारायला लागले. या वेळी विहिरीचं पाणी कुणी अडवलं नाही, कुणी आणूनही दिलं नाही.

ओटा घातल्याच्या आठव्या दिवशी मी सोलापूरला निघायच्या तयारीत होते. पुढचं पाणी आव्वा मारणार होती; माझ्या हातचं शेवटचं मारायला गेले तर आबासाहेब ओट्यापाशी उभे होते. म्हातारे झाले होते, हातात काठी आली होती. त्यांनी गोणपाटाचं टोक काठीनं उचललं आणि ओट्याच्या कडेवर काठी आपटली. आवाज मऊ आला.

"कच्चं हाय की, पोरी," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात थोडं समाधान होतं. "बापागत राख घातलीस न्हवं?"

मी त्यांच्या काठीखालून गोणपाट सोडवलं, नीट पसरलं आणि घागर त्यावर रिकामी केली. पाणी हळूहळू आत शिरलं.

"व्हय," मी म्हटलं. "ईस दिस हात लावू नका. मग पहार घेऊन या."